छंद, यंत्र आणि सख्य

'छंद' हा शब्द मराठी माणूस दोन अर्थांनी वापरतो. ओवी आणि अभंग हे छंद. आणि कुणाला नाणी जमवण्याचा असतो तोही छंदच. संस्कृतात इच्छा किंवा आवड या अर्थाचा 'छन्द' आणि वृत्त किंवा वेदवाणी या अर्थाचा 'छन्दस्' असे दोन शब्द आहेत. मराठीत येता येता ते एकाच रूपात मिसळून गेले. पैकी पहिल्या अर्थाला माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'पासून विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली. दुसरा मात्र नोकरीच्या अर्जात तळाशी असलेल्या 'आवडी व छंद' या रकान्यापुरता उरला. वाचन, प्रवास, जुनी गाणी ऐकणे असे काहीतरी तेथे लिहायचे आणि पान उलटायचे. आमचे म्हणणे असे की हा दुसरा अर्थ पहिल्याइतकाच विचारार्ह आहे. विशेषतः एका छंदाभोवती जी मैत्री उभी राहते, तिच्याकडे साहित्याच्या माणसांनी गंभीरपणे पाहावे, असे आम्हांस वाटते. उदाहरण म्हणून आम्ही जाणूनबुजून साहित्यापासून लांबचा छंद निवडला आहे: जुन्या स्कूटर आणि मोटारसायकली बाळगण्याचा.

नौपाड्याची ओळख सांगताना कुणी यंत्रांचे नाव घेणार नाही. १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे हे शहर. व्याख्यानमाला, संगीताच्या बैठकी आणि घंटाळीतला अत्रे कट्टा यांचा हा परिसर. येथे माणसे एकत्र येतात ती बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी. पण याच नौपाड्याच्या एका अंगाला वागळे इस्टेट आहे, आणि लोकलने तीन स्थानके गेले की भांडुप येते. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीच्या भांडुपच्या कारखान्यातून लँब्रेटा स्कूटर बाहेर पडत असे. आणखी पुढे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिअट आणि तिचेच पुढचे रूप असलेली पद्मिनी तयार होई. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या कितीतरी घरांतला पगार अशा कारखान्यांतून येत होता. तेव्हा नौपाड्यातल्या एखाद्या इमारतीच्या आवारात आज जुनी लँब्रेटा उभी दिसली, तर ती परदेशी शौकाची वस्तू नव्हे. ती याच रेल्वेमार्गावर जन्मलेली आहे.

या गाड्यांचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण छंदिष्टांचे बोलणे याच तपशिलांवर चालते. इटलीत मिलानजवळच्या लँब्राते येथे फर्डिनांडो इनोचेंती यांच्या कारखान्यात १९४७ साली पहिली लँब्रेटा तयार झाली. १९७०च्या दशकाच्या आरंभी इटलीतले उत्पादन थांबले आणि तिची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली. त्यातून लखनौची स्कूटर्स इंडिया ही कंपनी उभी राहिली. 'जावा'चे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून आले. चेक बनावटीची ही मोटारसायकल १९६०च्या दशकारंभापासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली. १९७३ पासून तेथल्या गाड्यांवर 'येझदी' हे नाव आले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणारी बजाजची चेतक १९७२ची. एके काळी ती हाती येण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. चेतक आणि येझदी ही दोन्ही नावे आज पुन्हा बाजारात आहेत: चेतक विजेवर चालणारी, तर येझदी २०२२ पासून नव्या इंजिनासह. छंदिष्टांना त्यांचे कौतुक आहे, पण ओढ नाही. का नाही, हे पुढे येईलच.

अमेरिकेत अशाच प्रकारची माणसे परसातल्या छोट्या ट्रॅक्टरांभोवती गोळा होतात. घरामागचे गवत कापण्यासाठी आणि बर्फ ढकलण्यासाठी १९६०च्या दशकात बनलेले हे ट्रॅक्टर ती खोलतात, जोडतात, रंगवतात आणि मेळाव्यांत मिरवतात. त्यांतला 'कब कॅडेट' हा लोकप्रिय ट्रॅक्टर १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने काढला. तीच कंपनी १९६३ साली महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासोबत भारतात आली आणि कांदिवलीला बी-२७५ हा शेतीचा ट्रॅक्टर बनू लागला. म्हणजे धागे फार दूरचे नाहीत. फरक जागेचा आहे. नौपाड्यात परसू नाही. आहे ते सोसायटीचे आवार आणि जिन्याखालची जागा. तेव्हा आपल्याकडचा परसातला ट्रॅक्टर म्हणजे जिन्याखालची स्कूटर, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. अशा छंदाविषयी बोलताना सुशिक्षित मराठी माणूस ताबडतोब 'स्मरणरंजन' हा शब्द काढतो. आमच्या मते येथेच गफलत होते. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून तिच्यावर मृत्युलेखांचा पाऊस पडला. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी तिचे बॉनेट उघडले असेल? स्मरणरंजनाला वस्तू हवी असते ती गेलेली. ती परत आली आणि सुरू होईना तर त्याची पंचाईत होते. छंदिष्टाची अवस्था नेमकी उलट आहे. त्याची स्कूटर गेलेली नाही. ती समोर आहे, आज आहे, आणि आजच रुसली आहे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला आहे की पॉइंट जळले आहेत, हे त्याला आत्ता शोधायचे आहे. त्या वेळी बालपणीच्या आठवणी कामाला येत नाहीत. कामाला येतो तो पाना आणि शेजारी बसलेला मित्र. नव्या चेतकची ओढ त्यांना का नाही, याचे उत्तर येथे मिळते. नवी गाडी मदत मागत नाही.

सकाळच्या वेळी, रस्ते मोकळे असताना, अशी चार-सहा माणसे एखाद्या येझदीभोवती उकिडवी बसलेली पाहावीत. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले कुणी असते, वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य काढलेले कुणी असते, आजोबांची गाडी वारशाने आलेला संगणक अभियंता असतो. प्लग काढला जातो आणि हातोहात फिरतो. काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. पांढुरका पडलेला म्हणजे कमी. विटकरी-तपकिरी असला तर इंजिनाची प्रकृती उत्तम. हे वाचनच आहे. खूण पाहून कारणापर्यंत जायचे, एकाचा अर्थ दुसऱ्याने खोडायचा, आणि शेवटी किक मारून कोणाचा अर्थ बरोबर हे ठरवायचे. आम्हा साहित्याच्या लोकांच्या अर्थनिर्णयनात या शेवटच्या पायरीची सोय नाही, याचा कधीकधी हेवा वाटतो.

त्यांचे वादही आम्हांस ओळखीचे वाटतात. गाडी 'ओरिजिनल' आहे का, हा त्यांचा सनातन प्रश्न. रंग मूळचा आहे की नंतरचा? मडगार्ड त्याच सालच्या गाडीचे आहे की कुर्ल्याच्या बाजारातून उचललेले? एखादा भाग मिळतच नसेल, तर लेथवर नवा करून घेणे चालेल का? पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही हेच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतो: मूळ पाठ कोणता, प्रक्षिप्त कोणते, आणि खंडित ओळ भरून काढण्याचा अधिकार संपादकाला किती. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताळणीने बिघडलेली वस्तू पुन्हा वापरात यावी म्हणून ती दुरुस्त करणे, हाच त्या कामाचा हेतू होता. ही तुलना कुणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु जपणूक आणि वापर या दोन गोष्टी वेगळ्या न मानणारी एक वृत्ती दोन्हीकडे आहे, एवढेच आम्हांस सुचवायचे आहे.

मराठी साहित्याने यंत्राकडे कसे पाहिले, हेही येथे आठवावे. मर्ढेकरांपासून आपल्या कवितेत यंत्र आले ते बहुतांशी माणसाला माणसापासून तोडणारी शक्ती म्हणून. नारायण सुर्व्यांच्या कवितेत ते कामगाराच्या जगण्याचा भाग होऊन आले, पण त्या यंत्राची मालकी दुसऱ्याची होती. दोन्ही चित्रे खरी आहेत. मात्र वर्गात ती इतक्या वेळा सांगितली जातात की यंत्र म्हणजे परात्मता हे समीकरण विद्यार्थ्यांच्या वहीत पक्के होऊन बसते. याच भाषेत एक तिसरी कथाही घडलेली आहे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा कारखाना उभारला, आणि त्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी कथेला त्याने हक्काचे घर दिले. नांगराच्या ग्राहकांशी बोलता बोलता एक वाचकवर्ग तयार झाला. यंत्र माणसांना जोडू शकते, याचा याहून ठळक पुरावा आपल्या वाङ्मयेतिहासात शोधावा लागणार नाही.

ते जोडते कसे? दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवरण आहे आणि आठवा समास सख्यभक्तीचा आहे. देवाशी सख्य कसे जडते, याचे समर्थांनी दिलेले उत्तर विलक्षण व्यवहारी आहे. देवाला जे आवडते ते आपण आवडीने करावे. आवडी जुळल्या की सख्य आपोआप होते. येथे भावनेचा उमाळा पहिला नाही. पहिली आहे ती सामाईक आवड आणि तिच्यासाठी केलेले आचरण. सी. एस. लुईस यांनी १९६० साली 'द फोर लव्हज' या पुस्तकात याच्या जवळ जाणारा विचार मांडला आहे. प्रेमिक एकमेकांकडे तोंड करून असतात, तर मित्र शेजारीशेजारी उभे राहून तिसऱ्याच कशाकडे तरी पाहत असतात, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. ही तिसरी गोष्ट महत्त्वाची. ती नसेल तर दोन माणसे एकमेकांनाच न्याहाळत बसतात, आणि न्याहाळण्याचे रूपांतर तोलण्यात व्हावयास वेळ लागत नाही.

छंदिष्टांच्या मेळ्यात ही तिसरी गोष्ट माणसांचे स्थान बदलून टाकते. आपल्याकडे संबोधनावरून माणसाचा दर्जा कळतो. मिस्त्रीला एकेरी हाक मारण्यात पांढरपेशा समाजाला कधी संकोच वाटला नाही. परंतु ज्याच्या बोटांना येझदीचा क्लच कळतो, त्याला निवृत्त अधिकारीही 'उस्ताद' म्हणतो आणि 'अहो, जरा बघता का' अशी विनंती करतो. येझदीचा गिअरचा दांडाच फिरवून किकसाठी वापरायचा असतो, हे पंचवीस वर्षांच्या मुलाला दाखवताना साठीचे काका त्याचे गुरू होतात. आणि सुटा भाग परदेशातून कसा मागवावा हे तोच मुलगा काकांना शिकवतो. जात आणि वर्ग येथे नाहीसे होतात असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. चहाचे पैसे कोण देतो आणि हात कोणाचे काळे होतात, याकडे लक्ष दिले की पुष्कळ कळते. मात्र ज्ञानाचा मान पदवीकडून हाताकडे वळतो, तेवढा वेळ तरी वळतो, आणि हे लहान नाही.

या छंदावर घेतले जाणारे आक्षेप टाळता येणार नाहीत. पहिला धुराचा. या गाड्या बहुतेक टू-स्ट्रोक आहेत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या या इंजिनातून थोडे न जळलेले मिश्रणही धुराड्यावाटे बाहेर पडते. गाड्या क्वचितच बाहेर काढल्या जातात हे समर्थन अपुरे आहे. मर्यादा स्वतःहून पाळणे हेच त्याचे उत्तर. दुसरा आक्षेप आम्हांस अधिक बोचतो. हे जग जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचे आहे. पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ची. पुढे तिने आणि बिनगिअरच्या कायनेटिक होंडाने असंख्य शिक्षिका, परिचारिका आणि विद्यार्थिनींना बसच्या रांगेतून सोडवले. सामाजिक इतिहासात लुनाचे स्थान येझदीपेक्षा वरचे मानावे लागेल. पण संग्राहकांच्या उतरंडीत ती तळाशी असते, आणि तिच्यावर फिरलेल्या बाईला कुणी त्या मेळ्यात बोलावत नाही. कोणती वस्तू जपण्याजोगी हे ठरवणारी एक अभिरुची येथेही आहे आणि ती आपल्या वाङ्मयीन अभिरुचीइतकीच पक्षपाती आहे.

तरीही या छंदाला आज जो खरा धोका आहे तो वेगळ्याच दिशेने येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेले, मूळ रूपात असलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० आणि मुदत १० वर्षांची. नंबरपाटीवर 'व्हीए' ही खूण मिळते. अशा वाहनाने रस्त्यावर यावे ते प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याचसाठी. नेहमीच्या वापरासाठी नव्हे. नियमांमागचा हेतू चांगला आहे, हे मान्य. पण १९९६च्या शेवटच्या येझदीला हा मान २०४६ साली मिळेल. तोवर तिला सर्वसाधारण जुन्या वाहनांप्रमाणे दर पाच वर्षांनी पासिंगला उभे राहायचे आहे. आणि मान मिळेल तो वापर सोडण्याच्या अटीवर. जिला भाजी आणायला नेता येत नाही ती चेतक, चेतक उरते का?

हा प्रश्न आम्ही केवळ स्कूटरपुरता विचारत नाही. अभिजात म्हणून गौरवायचे आणि रोजच्या वापरातून काढून टाकायचे, ही रीत साहित्यालाही लागू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही आनंदलो. पण दर्जा ही नंबरपाटी आहे. गाडी चालते ती रोज किक मारणाऱ्यामुळे. लीळाचरित्र अभ्यासक्रमात आहे, त्यावर प्रश्न येतात, गुण मिळतात. ते घेऊन चार माणसे कधी एकत्र बसतात का?

धोका जागेचाही आहे. नौपाड्यातल्या तीन-चार मजली जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. मोकळे घर आणि लिफ्ट मिळाली म्हणून कुणी रडणार नाही. मात्र जुन्या इमारतीला आवार होते, त्या आवारात फरशीवर ऑइल सांडले तरी चालत होते, आणि जाता-येता शेजारी थांबून 'काय, आज तरी सुरू होणार का?' असे विचारू शकत होता. नव्या मनोऱ्यात प्रत्येक गाडीला आखलेला चौकोन असतो. तेथे गाडी उभी करायची असते, खोलायची नसते. मैत्रीला वेळ लागतो हे आपण नेहमी बोलतो. तिला थोडी मळकी, कुणाच्याही खास मालकीची नसलेली जागाही लागते, हे बोलायचे राहून जाते.

आता आमच्या क्षेत्राविषयी. साहित्याच्या वर्तुळात मैत्री फार होते आणि फार लवकर बिघडते, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांच्या गाठीस असेल. याचे एक कारण आम्हांस असे दिसते की आम्ही मतांभोवती जमतो. मत हे प्रत्येकाचे स्वतःचे असते. त्यावरचा आघात अंगावरचा वाटतो. चर्चासत्रात समोरच्याचा निबंध ऐकताना आमचे लक्ष निबंधाच्या विषयापेक्षा निबंध वाचणाऱ्याच्या उंचीवर असते. स्कूटरभोवती बसलेल्या माणसांतही भांडणे होतात, कधी महिनोन्‌महिने अबोलाही असतो. पण गॅस्केट एकाकडे असते आणि ओढणी-पाना दुसऱ्याकडे, त्यामुळे अबोला धरून फार काळ भागत नाही. वस्तू त्यांना पुन्हा एकत्र आणते.

आमच्याकडे अशी वस्तू नाही असे नाही. ती आहे, तिला आम्ही संहिता म्हणतो. फक्त ती समोर ठेवून, बाही सरसावून, एकत्र खोलण्याची सवय सुटली आहे. म्हणून एक साधी सूचना करतो. प्रत्येक मराठी विभागाने महिन्यातून दोनदा, परीक्षेशी आणि श्रेयांकांशी संबंध नसलेली एक बैठक भरवावी. एकच ग्रंथ घ्यावा, ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय किंवा लीळाचरित्राची काही पाने. शब्द अडला तर कोश काढावा, तरीही अडला तर जवळपासच्या शेतकऱ्याला, सुताराला, कीर्तनकाराला बोलावून विचारावे आणि त्याला 'उस्ताद' म्हणावे. निबंध कुणी वाचू नये. ओळ सुरू होते का, एवढेच सर्वांनी मिळून पाहावे. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांचा अर्थ खोडला तर चहा प्राध्यापकांनी पाजावा.

पहिल्या दोन-तीन बैठकांना फारसे कुणी येणार नाही, याचीही तयारी ठेवावी. जुन्या गाड्यांचे मेळेही एका गाडीपासून आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या दोन माणसांपासूनच सुरू होतात.